खर्ड्याची लढाई, मुक्काम लालबाग

मित्रांनो, पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. जामखेड-खर्ड्याकडच्यांनी तर वाचाच. विषय आपल्या घरचा आहे, घडलाय मात्र लालबागला. दिवाळीत मला ज्यांनी ज्यांनी फोन केले, काहींनी चांगले, काहींनी शिव्या घालायला, त्या सगळ्यांना एकदाच उत्तर देतोय.

यंदा लालबागच्या एका चाळीत पोरांनी खर्ड्याची मोहीम मांडली. 'किल्ला केला' असं म्हणत नाही, मोहीमच. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात दिवाळीला चाळीचाळीत किल्ले होतात हे तुम्हाला माहीत आहे. रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग, जंजिरा. विटा, गोणपाट, माती, वरून मोहरी पेरायची आणि शिखरावर सिंहासनावर महाराज. माझा भाचा याच चाळीत वाढला. आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला वॉरगेमचं वेड आहे. मोबाइलवरचं ठो-ठो नव्हे. टेबलावर नकाशा पसरायचा, त्यावर पलटणी मांडायच्या, फासे टाकायचे, नियमांचं पुस्तक वाचत वाचत लढाई लढायची. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा खेळ सुरू झाला, त्याची ही नातवंडं. भाच्याकडे नेपोलियनचे दोन गेम आहेत. मागच्या मे महिन्यात मला म्हणाला, "मामा, फ्रेंच फौजेवर जगात इतके गेम निघालेत. ऑस्टर्लिट्झ आहे, वॉटर्लू आहे, रशियाची स्वारी आहे. आणि फ्रेंचांनी कवायत शिकवलेल्या पलटणी दोन्ही बाजूंनी समोरासमोर उभ्या राहिल्या तुमच्या तालुक्यात, त्यावर मला एकही सापडला नाही."

मी म्हटलं, बाबा रे, आमच्या तालुक्यातल्या निम्म्या लोकांनाही हे माहीत नाही.

तर आधी थोडा इतिहास. ११ मार्च १७९५. निजाम अली बिदरहून मांजरेच्या काठाकाठाने आला आणि मोहरी घाट उतरून परांड्याच्या दिशेने निघाला. इकडून पेशव्यांची फौज. सवाई माधवराव वीस वर्षांचे, कारभार नाना फडणविसांच्या हातात, फौजेचं नेतृत्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे. महादजी आदल्या वर्षी फेब्रुवारीत वानवडीला वारले होते, त्यांच्या गादीवर दौलतराव शिंदे, वय पंधरा-सोळा. नागपूरचे रघूजी भोसले आले, तुकोजी होळकर आले. ग्रँट डफ मराठ्यांची फौज एक लाख तीस हजार सांगतो, वर दहा हजार पेंढारी. निजामाची एक लाख दहा हजार. म्हणजे आज आपण जिथे ज्वारी-तूर करतो तिथे अडीच लाख माणूस, शिवाय घोडी, बैल, हत्ती आणि बुणगे.

आता फ्रेंच. शिंद्यांच्या पंचवीस हजारांत दहा हजार कवायती पायदळ. ते उभं केलं द बॉइन नावाच्या माणसाने. हा तसा फ्रेंचही नव्हे, सॅव्हॉयमधल्या शांबेरी गावचा, पण लष्करी धडे फ्रेंच सैन्याच्या आयरिश ब्रिगेडमध्ये घेतलेला. महादजींनी त्याला १७८४ मध्ये नोकरीत घेतला आणि पलटणींच्या पगारासाठी दुआबातला मुलूख तोडून दिला. खर्ड्याला तो स्वतः नव्हता. त्याचा दुय्यम होता, पेराँ. फ्रेंच आरमारातून इकडे आलेला साधा खलाशी, एका वेढ्यात हात गमावून बसलेला. होळकरांच्या दहा हजारांत दोन हजार कवायती, त्यांच्यावर दुद्रेनेक, तोही फ्रेंच. आणि समोर निजामाच्या बाजूला रेमंड. तो गॅस्कनीचा. हैदराबादेत मूसारामबाग म्हणून भाग आहे ना, तो या रेमंडच्याच नावाचा.

तिकडे फ्रान्समध्ये राजाचं डोकं उडवून दोन वर्षं झालेली, सगळ्या युरोपाशी त्यांची लढाई चाललेली. आणि इकडे बालाघाटाच्या पायथ्याशी एक फ्रेंच माणूस मराठ्यांच्या पगारावर दुसऱ्या फ्रेंच माणसावर तोफा डागतोय.

भाच्याने आणि त्याच्या चार मित्रांनी यावर सहा महिने घातले. दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसले. खरेशास्त्र्यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणजे पटवर्धनांच्या दप्तरातले कागद. या पोरांचं शिक्षण इंग्रजीतून, त्यामुळे ती जुनी मराठी वाचताना घाम फुटला. मला फोन यायचे, "मामा, 'बुणगे' म्हणजे?" "मामा, 'कही' म्हणजे?" बुणगे म्हणजे सैन्यामागचा न लढणारा लवाजमा, कही म्हणजे चारा-लाकूड आणायला जाणारी टोळी. या दोन शब्दांनी त्यांचा अख्खा गेम बदलला. आधी त्यांनी फक्त लढाई केली होती. मग कळलं की अडीच लाख माणसांच्या हालचालीत तलवार कमी आणि चारा-पाणी जास्त.

आणि शब्दांवरून आठवलं. आपण बोलताना रोज वापरतो त्यातले किती शब्द या कवायती फौजांनी मागे ठेवलेत बघा. गारद, गारदी. पलटण. आणि माझा आवडता, कंपू. शिंद्यांच्या कवायती फौजेला कंपू म्हणत. आज आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून बाजार समितीपर्यंत ज्याचा त्याचा कंपू आहेच.

एक मावळा म्हणजे एक हजार माणूस, असं प्रमाण ठरलं. परळच्या एका गणपतीच्या कारखान्यातून प्लास्टर मिळालं, साचा पोरांनीच केला, अडीचशे मावळे ओतले. त्यातले मराठ्यांकडचे कवायती फक्त बारा. रेमंडचे अकरा धरले. कवायतींना निळा रंग दिला, रेमंडच्यांना तांबडा. गणवेशाचा अभ्यास वगैरे नाही, डब्यात तेवढेच दोन रंग शिल्लक होते. पत्ते गिरगावात एका प्रेसवाल्याने उरलेल्या जाड कागदावर छापून दिले. माती मात्र मिळेना. मुंबईत मातीही विकत आणावी लागते. शेवटी शेजारच्या चाळीच्या जागेवर टॉवरचा पाया खणतायत तिथल्या वॉचमनला फराळाचा डबा देऊन चार गोणी भरून आणल्या. पॅसेजच्या टोकाला मोकळी जागा आहे, तिथे आठ बाय बाराचा बालाघाट उभा राहिला. मोहरी घाटात मोहरी पेरली, हा विनोद पाचही जणांनी मला वेगवेगळा सांगितला.

आता गेम कसा आहे ते सांगतो, कारण भांडण त्यावरूनच झालं.

मराठ्यांची बाजू एक माणूस खेळत नाही. पाच जण खेळतात. नाना, परशुरामभाऊ, शिंदे, होळकर, भोसले. प्रत्येकाच्या हातात एक गुप्त पत्ता, त्यावर त्याला या मोहिमेतून स्वतःसाठी काय हवंय ते. चौथाई, मुलूख, थकलेला पगार, दरबारात मान. लढाई जिंकली पण तुमचं पत्त्यावरचं काम झालं नाही, तर तुम्ही हरलात. नानांचं काम एकच, सगळ्यांना अमुक इतके दिवस एकत्र ठेवायचं. पेराँ आणि रेमंड यांना खेळाडू नाही, त्यांचे पत्ते आहेत. पगार वेळेवर दिला तर पलटण पाहिजे तिथे जाते. थकवला तर फासा टाकायचा.

आणि एक सातवा खेळाडू आहे, इंग्रज. त्याला सैन्यच नाही. त्याने नुसतं बसायचं आणि चिठ्ठ्या लिहायच्या. हे खरं आहे बरं का. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअरने निजामाला मदत नाकारली, हैदराबादेत इंग्रजांच्या दोन पलटणी होत्या त्याही लढाईत उतरू दिल्या नाहीत. पहिल्या दिवशी हा रोल कुणालाच नको होता. म्हणून एका नववीतल्या मुलीला दिला. ती दोन तास शेव खात बसली आणि शेवटी गुण मोजले तर सगळ्यात पुढे तीच. दुसऱ्या दिवसापासून तो रोल मागायला रांग.

रात्रीचा नियम मला सगळ्यात आवडला. प्रत्यक्षात ११ तारखेला दिवसभर लढाई झाली. भोसल्यांचे बाण सुटले, पेराँने एका उंचवट्यावर पस्तीस तोफा लावल्या होत्या त्यांनी निजामाच्या घोडदळाची दाणादाण केली. पण रेमंडचं पायदळ हटलं नव्हतं, उलट पेराँच्या पलटणींशी टिकून लढत होतं. निजामाचा जनाना हत्तींवर सोबत, तिथे घबराट. निजामाने माघारीचा हुकूम दिला. मग अंधारात मराठ्यांची एक छोटी टोळी घोड्यांना पाणी पाजायला ओढ्यावर गेली. तिथे निजामाचे लोक. त्यांनी गोळ्या झाडल्या, त्या ऐकून रेमंडच्या पहारेकऱ्यांनी झाडल्या, आणि सगळी छावणी उठून पळाली. तोफा, सामान सगळं जागेवर टाकून. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि अडकला. एवढी मोठी लढाई शेवटी घोडी तहानलेली होती म्हणून निकालात निघाली.

पोरांनी यासाठी पॅसेजचा दिवा घालवायचा नियम केला. अंधारात दोन्ही बाजूंनी चिठ्ठीवर हालचाल लिहायची, मग फासा. सहा पडला की घोडी पाण्यावर.

धनत्रयोदशीला पहिला डाव झाला. नानांच्या खुर्चीवर बसले चाळीतले एक काका, वय पंच्याहत्तरच्या पुढे, मिलमध्ये साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा गेटवर उभे होते. अडीच लाख कामगार त्या संपात होते. काकांना फासे, पत्ते काही समजावून द्यावं लागलं नाही. शिंदे झालेल्या पोराच्या कानाशी लागून म्हणाले, "तुझा पत्ता मला दाखवू नको. तुला काय पाहिजे ते मला कळलंय. चौथ्या दिवसापर्यंत थांब, मिळेल." होळकरांना म्हणाले, "त्याला काय कबूल केलंय ते विचारू नको." मी बाजूला बसून ऐकत होतो. एवढी वर्षं राजकारणाच्या बातम्या करतोय, युतीची बोलणी इतक्या जवळून कधी ऐकली नव्हती.

आणि तरीही तो डाव मराठे हरले. रात्री सहा पडलाच नाही. घोडी पाण्यावर गेली नाहीत, निजाम घाबरला नाही, सकाळी रेमंड अकराच्या अकरा मावळे घेऊन उभा. भोसल्यांनी पत्त्यावरचा मुलूख मिळणार नाही म्हणून नागपूरची वाट धरली.

कुणीतरी फोटो काढून चाळीच्या ग्रुपवर टाकला. तिथून मंडळाच्या ग्रुपवर. रात्री अकराला आपल्या जामखेडच्या ग्रुपवर आला, तोवर खाली ओळ चिकटली होती: "लालबागमध्ये खर्ड्याला निजाम जिंकवला."

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुमच्यातल्या काहींनी तर भर घातली. माझं नाव कुणी जोडलं ठाऊक नाही, पण सकाळपर्यंत बावीस मिस्ड कॉल. पत्रकार विकला गेला, हे नेहमीचं. त्यात नवं एवढंच की या वेळी मी निजामाला विकला गेलो होतो.

मला घातलेल्या शिव्यांचं काही नाही, सवय आहे. पण चाळीत किल्ला स्पर्धेचे एक कार्यकर्ते आले. माणूस वाईट नाही, दरवर्षी स्वतःच्या खिशातून बक्षिसं देतो. तो म्हणाला तीन गोष्टी बदला. मराठ्यांच्या बाजूचे टोपीवाले गोरे काढा. सगळे मराठे भगवे करा, सगळा निजाम हिरवा. आणि मराठे हरणार नाहीत असा नियम टाका. नाहीतर नाव स्पर्धेतून काढतो, आणि पुढे कुणी तक्रार केली तर मी जबाबदार नाही.

भाचा म्हणाला, "दादा, मग फासे कशाला?"

ताई घाबरली. साहजिक आहे. पोराला नोकरीचे इंटरव्ह्यू चालू आहेत, पोलिसात नाव गेलं तर काय. ती मला म्हणाली, "तू पत्रकार आहेस, तू निघून जाशील. आम्हाला इथेच राहायचंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. मी फक्त त्या कार्यकर्त्याला खाली चहाला घेऊन गेलो.

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. खर्ड्याचा आपला किल्ला, ज्याच्यासमोर २०२१ च्या दसऱ्याला ७४ मीटरचा भगवा स्वराज्य ध्वज उभा राहिला, तो किल्ला बांधला निंबाळकरांनी. आणि हे निंबाळकर निजामाचे सरदार होते. त्यांना हिरवं रंगवायचं का? शिंद्यांच्या पलटणींत पुरबिये होते, मुसलमान होते. त्यांना काढून टाकलं तर पेराँच्या तोफा ओढणार कोण? महादजींना कवायती पायदळाची गरज कळली आणि ते त्यांनी उभं केलं, ही त्यांची हुशारी. फ्रेंच मावळे काढून टाकले तर त्यांचंच श्रेय कमी होतं. तो सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, तुमचं बरोबर असेल. पण मला दीड हजार लोकांना फोटोतून हे समजावता येणार नाही." त्याचंही खोटं नव्हतं.

पोरांनी रात्री मीटिंग घेतली. स्पर्धेतून नाव त्यांनीच काढून घेतलं. मावळे एकही हलवला नाही. फक्त प्रत्येक तुकडीपुढे एक पाटी लावली: कोण, कुठला, पगार कुणाचा. काका पुढचे दोन्ही दिवस संध्याकाळी सहापासून पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले. कुणी तावातावाने आलं की म्हणायचे, "ये, बस. तू होळकर हो." बहुतेक जण बसले. एक जण भांडायला आला आणि साडेअकरापर्यंत रघूजी भोसले म्हणून खेळत होता.

लक्ष्मीपूजनाच्या आणि पाडव्याच्या डावात मराठे जिंकले. एकदा फाशावर, एकदा काकांमुळे.

आणि खर्ड्याच्या एका गृहस्थांचा फोन आला. पहिल्या रात्री त्यांनीच मला सगळ्यात जास्त सुनावलं होतं. नाव लिहीत नाही, ते वाचतायत. म्हणाले, "तो नकाशा दाखवा बरं." व्हिडिओ कॉल लावून दिला. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि पोरांना विचारलं, "लढाई मार्चात ना? मग ओढे एवढे निळे कशाला रंगवलेत? आपल्याकडे मार्चात ओढ्याला ठिकठिकाणी डबकी राहतात, सलग पाणी नसतं. एवढी घोडी त्या डबक्यांवर येणारच की." पोरं गप्प. ग्रंथालयात सहा महिने बसून जे सुचलं नव्हतं ते एका शेतकऱ्याने फोनवर सांगितलं. त्या रात्री निळा रंग खरवडून फक्त चार डबकी ठेवली आणि नियम बदलला. आता सहा पडावा लागत नाही, चार पडला तरी घोडी पाण्यावर जातात.

डावाच्या शेवटी एक तक्ता वाचतात, 'पुढे काय झालं' म्हणून. तहात निजामाने दौलताबाद आणि मुलूख दिला, तीन कोटी कबूल केले, आपला दिवाण ओलीस दिला. तो तक्ता वाचताना पॅसेजमध्ये टाळ्या पडायच्या. मग पुढच्या ओळी. ऑगस्ट १७९५, अहिल्याबाई गेल्या. आपल्या चोंडीची लेक, खर्ड्यानंतर पाचच महिन्यांत. २७ ऑक्टोबर, सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले. मग वारसाचं भांडण, आणि वर्ष-दीड वर्षात तहातलं बरंचसं निजामाला परत. ज्या ओलीस दिवाणाला पुण्यात आणलं तोही सुटून परत कारभारावर. तिकडे इंग्रजांनी मदत केली नाही म्हणून चिडून निजामाने रेमंडची फौज वाढवली. १७९८ च्या मार्चमध्ये रेमंड वारला, सप्टेंबरात निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, ऑक्टोबरात ते सगळं फ्रेंच पायदळ हैदराबादेत निःशस्त्र झालं. इथपर्यंत आलं की शेव खाणाऱ्या त्या मुलीकडे सगळे बघायचे.

पोरांना आता दुसरा भाग करायचाय, १८०३ चा. तिथे त्यांची गाडी अडलीय. द बॉइन पैसा घेऊन युरोपात परतलेला, पेराँ शिंद्यांचा उत्तरेतला सेनापती. लॉर्ड वेलस्लीने शिंद्यांच्या नोकरीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना सोडून येण्यासाठी जाहीरनामा काढला आणि सप्टेंबरात ऐन युद्धात पेराँ इंग्रजांच्या स्वाधीन झाला. ४ सप्टेंबरला अलीगढ पडलं, ११ ला दिल्ली. इकडे २३ तारखेला जालना जिल्ह्यातलं असई. आणि १ नोव्हेंबरला लासवारीला, वरचे फ्रेंच निघून गेल्यावर, साध्या शिपायांनी जी झुंज दिली तिचं कौतुक खुद्द इंग्रज सेनापती लेकने केलं. भाच्याचा प्रश्न असा, की पेराँचा पत्ता शिंदे खेळणाऱ्याच्या हातात द्यायचा, की इंग्रजाच्या? मित्र म्हणतो शिंद्यांकडेच, पण पगार वेळेवर दिला तरी फासा टाकायचाच. काका म्हणतात, पत्ता टेबलावर उघडा ठेवा, सगळ्यांना दिसू दे. अजून ठरलं नाही.

चाळ होळीच्या आसपास रिकामी करायचीय, बिल्डरची नोटीस लागली आहे. भाडं घेऊन सगळे पांगणार. कुणी नायगाव, कुणी डोंबिवली, काका मुलाकडे विरारला. बालाघाटाची माती गोणीत भरून ज्या खड्ड्यातून आणली तिथेच टाकली. अडीचशे मावळे चिवडा गल्लीतून आणलेल्या फरसाणच्या रिकाम्या खोक्यांत भरून आमच्या ताईच्या माळ्यावर आहेत. नवीन जागेत माळा नाही. तोवर ती खोकी जामखेडला माझ्याकडे येतील.

आणि ११ मार्चला ही पाच पोरं खर्ड्याला येतायत, काकांनाही आणतायत. मोहरी घाट त्यांना पायी उतरायचाय. घाटाची जुनी बैलगाडीची वाट ज्यांना नक्की माहीत आहे, त्यांनी कमेंटमध्ये किंवा इनबॉक्समध्ये कळवा. सकाळी लवकर निघू, उन्हं वाढायच्या आत. पाणी आपापलं आणा.